तिरपं वावर

लोणारच्या अलीकडे एका गावात पांदणीच्या दोन अंगांना दोन भावांची वावरं होती. पश्चिमेचं थोरल्याचं, पूर्वेचं धाकट्याचं. दोन्ही वावरं चौरस, आणि दोन्हींचा प्रत्येक धुरा 198 फूट लांब. जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची असते. त्या हिशोबानं एक धुरा सहा साखळ्यांचा भरतो. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा. तेव्हा सहा गुणिले सहा, छत्तीस गुंठे थोरल्याचे आणि छत्तीसच गुंठे धाकट्याचे. बापानं आपल्या हयातीत वाटणी करून दिली होती आणि दोन्ही सातबाऱ्यांवर क्षेत्र सारखं लागलं होतं.

वेगळी होती ती मांडणी. थोरल्याचं वावर पांदणीला सरळ लागून होतं. त्याचा एक अख्खा धुरा पांदणीच्या बरोबरीनं जायचा. धाकट्याच्या वावराचा मात्र फक्त एक कोपरा पांदणीला टेकलेला होता. फार पूर्वी तिथून एक बैलवाट तिरपी जायची, तिच्या कडेनं धुरे पडले. पुढे वाट बुजली, धुरे राहिले. पांदणीवर उभं राहून पूर्वेकडे पाहिलं, की ते वावर कोपऱ्यापासून सुरू होऊन दोन्ही हातांना रुंदावत जाताना दिसे, मधोमध सगळ्यांत रुंद होई आणि पुन्हा निमुळतं होत नाल्याकडच्या कोपऱ्यात संपे.

बाप होता तोवर कुणाला यात काही वावगं दिसलं नाही. बाप गेला, आणि त्यानंतरच्या एका हंगामात धाकट्याला सोयाबीन थोडं जास्त झालं. पाऊस वेळेवर मिळाला होता, पेरणी चार दिवस आधी साधली होती, एवढंच कारण होतं. पण थोरल्याची नजर वारंवार पांदणीपलीकडे जायला लागली. जितक्या वेळा पाही तितक्या वेळा ते वावर त्याला आणखी रुंद दिसे.

अक्षय तृतीया होऊन गेली होती. भेंडवळच्या घटमांडणीत यंदा पाऊस कसा निघाला याची पारावर चर्चा चालली होती. वखरणी होऊन रानं मोकळी पडली होती, नजरेला आडवं काही येत नव्हतं. अशा एका सकाळी थोरल्यानं 33 फुटांची दोरी घेतली आणि एकटाच मोजायला निघाला. आधी आपल्या वावराचा धुरा मोजला. सहा दोऱ्या. पुढचा धुरा मोजला. सहाच. मग पांदण ओलांडली, धाकट्याच्या वावराच्या टोकाशी उभा राहिला आणि समोर दिसणाऱ्या नाल्याकडच्या टोकाकडे सरळ चालत गेला. आठ दोऱ्या आणि वर सोळा फूट, म्हणजे साडेआठच्या घरात. मग उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत दोरी टाकली. तेही साडेआठ. त्यानं बोटांवर गुणाकार केला: साडेआठ गुणिले साडेआठ, सव्वाबहात्तर. छत्तीसच्या दुप्पट.

तिथल्या तिथे त्यानं धाकट्याला हाक मारली. धाकटा आला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, सातबारा पाह्य ना."

"सातबारा मले नको दाखवू. म्या दोरीनं मोजलं. बहात्तर गुंठे हाये हे."

शब्दानं शब्द वाढला. त्या दिवसापासून दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं. एका आडावर पाणी भरणाऱ्या दोन्ही जावा वेळा बदलून जाऊ लागल्या. आजी तेवढी दोन्हीकडे जात होती, कारण तिला कोण अडवणार?

थोरल्याची लेक आठवीत होती. बाबांनी काय मोजलं, कसं मोजलं हे तिनं आजीकडून तपशिलानं काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारची भाकरी घेऊन ती आजीबरोबर वावरात गेली. बाबा कडुनिंबाखाली बसले होते. पलीकडच्या वावरात काका धुऱ्यावरचं गवत काढत होते. आजीनं काकालाही हाक मारून बोलावलं. आईची हाक म्हटल्यावर तो आला, पण भावाकडे न पाहता बसला.

लेक म्हणाली, "बाबा, तुमी आपलं वावर कसं मोजलं?"

"धुऱ्याधुऱ्यानं."

"अन् काकाचं?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"मंग आपलंबी टोकापासून टोकापर्यंत मोजा ना."

थोरल्याला ते पटण्यासारखं वाटलं नाही, पण लेकीचा हट्ट म्हणून तो उठला. दोरीचं एक टोक लेकीनं धरलं, दुसरं त्यानं. आपल्या सरळ वावराच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ते तिरपे चालत गेले. आठ दोऱ्या आणि वर सोळा फूट. थोरला थांबला. त्यानं शेवटची दोरी पुन्हा टाकून पाहिली. तेवढेच सोळा फूट. मग लेक काहीही न बोलता पांदणीपलीकडे गेली आणि काकाच्या वावराच्या धुऱ्याला दोरी लावून उभी राहिली. सहा. पुढचा धुरा, सहा. चारही धुरे सहा.

आजी कडुनिंबाखालून सगळं पाहत होती. ती म्हणाली, "आपलं मोजताना धुऱ्यानं चालला, त्याचं मोजताना टोकानं चालला. सख्ख्या भावाले दोन दोऱ्या लावल्या का गा?"

गोष्टीतली धडा घेण्याची जागा हीच आहे, आणि आजीनं ती एका वाक्यात दाखवली म्हणून मला तिच्यात भर घालायची नाही. पण थोरल्याची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. त्यानं खोटं मोजलं नव्हतं. दोरी बरोबर होती, गुणाकार बरोबर होता. तिरपा उभा चौरस डोळ्याला मोठा दिसतो, आणि आपण जे दिसतं तेच मोजायला जातो: समोरची रुंदी आणि समोरची लांबी. सरळ चौरसात या दोन्ही गोष्टी म्हणजे त्याच्या बाजू. तोच चौरस 45 अंशांनी फिरवला की समोर येतात ते त्याचे कर्ण. बाजू तेवढीच, कर्ण तेवढाच, चारही काटकोन जागच्या जागी. पाहणाऱ्यासमोर काय येतं तेवढं बदलतं. चौरस 90 अंशांनी फिरला की पुन्हा स्वतःवरच बसतो, कुणाला कळतही नाही. म्हणून बरोबर मधली, 45 अंशांची अवस्था सगळ्यांत फसवी.

शाळेत हे रोज घडतं. फळ्यावर चौरस काढला तर तो पायावर बसलेलाच काढला जातो. वर्षभर मुलं तसाच पाहतात. मग एखाद्या दिवशी तोच चौरस कोपऱ्यावर उभा केला, की निम्मा वर्ग म्हणतो, हा पतंग आहे. कुणी म्हणतं समभुज चौकोन. समभुज चौकोन तर तो आहेच, कारण प्रत्येक चौरस समभुज चौकोन असतोच. पण मुलांना म्हणायचं असतं की हा आता चौरस राहिला नाही. डच शिक्षक पिएर व्हॅन हील आणि डीना व्हॅन हील-गेल्डॉफ या दांपत्यानं 1957 मध्ये भूमिती समजण्याच्या पायऱ्या मांडल्या. त्यांच्या मते पहिल्या पायरीवर मूल आकृतीला तिच्या एकूण रूपावरून ओळखतं, आणि त्यापुढच्या पायरीवर तिच्या गुणधर्मांवरून. पहिल्या पायरीवरून दुसरीवर वय वाढलं म्हणून कुणी आपोआप जात नाही; तसं शिकवणं मिळालं तरच जातं. थोरला चाळिशी ओलांडलेला होता आणि पहिल्या पायरीवर होता. त्याला दोष कसा द्यायचा? त्याच्या पुस्तकातला चौरस कुणी कधी फिरवलाच नव्हता. गणिताच्या प्रत्येक शिक्षकाला माझी कळकळीची विनंती आहे, की पुठ्ठ्याचा एक चौरस कापा, मुलांसमोर हातात धरून फिरवा आणि प्रत्येक वेळी विचारा: आता बाजू किती, कोन किती, क्षेत्रफळ किती? दहा मिनिटांचं काम आहे. त्यातून पुढे जे वाचतं ते फार मोठं असतं.

थोरला परत येऊन बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. "दोन्हीकडं साडेआठ भरले, मान्य. पन साडेआठ गुणिले साडेआठ सव्वाबहात्तर होते की नाई?"

"होते," लेक म्हणाली.

"मंग ते बहात्तर गुंठे हायेत कुठं?"

प्रश्न रास्त होता. लेकीनं भाकरीचं फडकं मोकळं केलं, भाकरी आजीच्या हातात दिली आणि ते चौकोनी फडकं जमिनीवर पसरलं. "बाबा, हे तुमचे साडेआठ अन् साडेआठ. हे सगळं फडकं म्हंजे तुमचे बहात्तर गुंठे." मग फडक्याच्या चारही कडांच्या मध्यावर तिनं एकेक खडा ठेवला. "हे काकाच्या वावराचे चार कोपरे. हा पांदणीकडचा, हा नाल्याकडचा, हा उत्तरेचा, हा दक्षिणेचा." खडे ठेवले तिथून तिनं फडक्याचे चारही कोपरे आत दुमडले. भाकरी बांधताना दुमडतात तसेच, मध्याकडे. चारही टोकं मध्यावर एकत्र आली आणि एकमेकांना लागून बसली. त्यांच्यामध्ये फट राहिली नाही, एकावर एकही चढलं नाही. खाली उरला तो कोपऱ्यावर उभा चौरस, सगळीकडे बरोबर दुपदरी.

"खालचा पदर काकाचं वावर," ती म्हणाली. "अन् वरचा पदर जे दुमडलं ते. दोन्ही सारखे. बहात्तरचे अर्धे किती?"

थोरल्यानं उत्तर दिलं नाही. त्यानं फडक्याचा एक दुमडलेला कोपरा उलगडला. "मंग हा कोपरा कोनाचा?"

"हा पांदणीकडच्या बाभळींचा. हा शेजारच्या काकांच्या वावरात जाते. हा गायरानात. अन् हा नाल्यात."

थोरला बराच वेळ त्या चार कोपऱ्यांकडे पाहत राहिला. भावाच्या नावावर त्यानं शेजाऱ्याची जमीन, गायरान, नाला आणि बाभळी सगळं मोजून घातलं होतं.

त्याचा गुणाकार मात्र एका जुन्या आणि मोठ्या सत्यापर्यंत पोचला होता, त्याला माहीत नसताना. चौरसाच्या कर्णावर दुसरा चौरस उभा केला तर तो पहिल्याच्या बरोबर दुप्पट होतो, हे बौधायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेलं आहे. यज्ञवेदी दोरीनं आखणाऱ्या लोकांचं ते शास्त्र. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटीस एका गुलाम मुलाकडून हेच सत्य जमिनीवर रेघा ओढून काढून घेतो. त्या मुलाचीही सुरुवात चुकीनंच झाली होती: दुप्पट चौरस हवा तर बाजू दुप्पट करा, असं तो म्हणाला होता. थोरल्यानं दोरीनं मोजलेले 280 फूट आणि धुऱ्याचे 198 फूट यांचा भागाकार करून पाहा, 1.4141 येतो, दोनाच्या वर्गमुळाच्या इतका जवळ की गावच्या दोरीला त्यातला फरक दिसूच शकत नाही.

तरीही शंका एकदा घर करून बसली की हिशोबानं लगेच उठत नाही. थोरला म्हणाला, सरकारी मोजणी करून टाकू, म्हणजे कुणाच्या मनात काही राहणार नाही. धाकट्यालाही ते चाललं. दोघं अर्ज घेऊन लोणारला निघाले. लेकीची शाळा तिकडेच, म्हणून तीही बरोबर होती. मोजणीच्या कचेरीत दुपारी थांबावं लागणार असं कळलं, तेव्हा तिघं दैत्यसूदन मंदिराकडे गेले.

लोणारला येणारा माणूस आधी सरोवराकडे जातो, आणि जावंच. उल्केच्या आघातानं बेसाल्टच्या खडकात पडलेलं ते विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं आणि जवळजवळ वर्तुळाकार आहे. त्याच्या काठानं कितीही फिरा, समोरचा आकार तसाच दिसत राहतो. वर्तुळाला कोपरा नाही, त्यामुळे फिरवल्यावरून भांडणही नाही. पण गावातलं दैत्यसूदन मंदिर वेगळीच गोष्ट सांगतं. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचं हे मध्ययुगीन दगडी देऊळ उंच चौथऱ्यावर उभं आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे, आणि त्याचा तळ तारकेसारखा, अनियमित तारकेसारखा, आहे. भिंतीला हात लावून चालायला लागलं की भिंत सरळ जातच नाही. थोडी पुढे येते, वळते, आत जाते, पुन्हा पुढे येते.

दख्खनमध्ये अशी तारकाकृती देवळं बऱ्याच ठिकाणी आहेत, आणि त्यांतल्या नियमित तारकांची आखणी समजून घेतली की मन थक्क होतं. एक चौरस घ्यायचा, त्याचा मध्य पक्का धरायचा आणि त्या मध्याभोवती तो ठरावीक अंशांनी फिरवत जायचा. 45 अंशांनी एकदा फिरवला तर दोन चौरसांचे मिळून आठ कोपरे होतात. 30 अंशांनी दोनदा फिरवला तर तीन चौरस आणि बारा कोपरे. कर्नाटकात गदग जिल्ह्यात डंबळ इथे दोड्डबसप्पाचं देऊळ आहे, त्याच्या तारकेला 24 टोकं आहेत. सहा चौरस, प्रत्येक आधीच्यापेक्षा 15 अंश फिरलेला. एवढं करूनही बाहेर आलेला प्रत्येक कोपरा काटकोनच राहतो, कारण फिरवल्यानं कोन बदलत नाहीत. ज्या सूत्रधारांनी हे आखलं, त्यांच्या हाती दोरी, खुंटी आणि गुण्या यांपलीकडे फारसं काही नसणार, आणि त्यांना तेवढं पुरलं.

चौथऱ्याबाहेरच्या मोकळ्या मातीत लेकीनं एक काडी खुपसली. काकाच्या खिशातली सुतळी काडीला बांधली. आधी सुतळीनं एक वर्तुळ काढलं, त्यावर चार टोकं घेऊन एक सरळ चौरस काढला. "बाबा, हे आपलं वावर." मग त्याच वर्तुळावर, पहिल्या टोकांच्या बरोबर मध्ये नवी चार टोकं घेऊन तिनं दुसरा चौरस काढला. "हे काकाचं." आठ टोकांची तारका तयार झाली. थोरला उकिडवा बसून पाहत होता. तो एका बाजूनं पाही, उठून दुसऱ्या बाजूला जाई, पुन्हा बसे. अर्धा फेरा मारल्यावर त्यानं विचारलं, "यातलं आपलं कोनतं होतं?"

लेकीनंही निरखून पाहिलं. ती जागेवरून हलली नव्हती म्हणून तिला आठवत होतं. पण आकृतीत तसं ओळखायला काहीच नव्हतं. धाकटा म्हणाला, "तू इकडून पाह्यलं तं माहं सरळ अन् तुहं तिरपं हाये, दादा."

अर्ज थोरल्याच्या खिशातच राहिला. तिघं चहा पिऊन, कृषी केंद्रातून सोयाबीनच्या दोन बॅगा घेऊन परत आले. तीस तीस किलोच्या बॅगा, एकराला एक या हिशोबानं.

गोष्ट इथे संपवता आली असती, पण मग ती अर्धीच खरी ठरली असती. लेकीला आता फार हुरूप आला होता. घरी आल्यावर ती आजीला म्हणाली, "फिरवलं तरी काहीच बदलत नाही, आजी. काहीच नाही."

मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानं त्या वाक्याची परीक्षा घेतली. रात्रभर पाऊस झाला. सकाळी काका धावत आला. नाल्याकडच्या कोपऱ्याजवळ त्याचा धुरा फुटला होता, आणि वखरलेली वरची माती घळ पाडून नाल्यात गेली होती. थोरल्याच्या वावरात तसं काही झालं नव्हतं. खालच्या धुऱ्याला सगळीकडे थोडं थोडं पाणी साचून हळूहळू मुरत होतं.

लेक म्हणाली, "असं कसं? दोन्ही वावरं तं सारखी हायेत."

या वेळी शिकवण्याची पाळी थोरल्याची होती, कारण उतार त्याला जन्मापासून ठाऊक होता. त्यानं तिला फुटलेल्या धुऱ्यावर उभं केलं आणि वर पाहायला सांगितलं. "सगळी जमीन पूर्वेकडं उतरते. आपल्या वावराचा सगळ्यांत खालचा भाग कोनता?"

"पांदणीकडचा धुरा. सगळाच्या सगळा."

"एकशे अठ्ठ्याण्णव फूट. पानी तेवढ्यात पसरते. अन् काकाचा सगळ्यांत खालचा भाग?"

तिनं पायाखाली पाहिलं. "हा कोपरा."

"एकच. छत्तीस गुंठ्यांतून वाहणारं पानी इथं एका टोकाले येते. वावर तेवढंच हाये, माय. पन पान्याले ते फिरलेलं दिसते."

लेकीनं हे वहीत लिहून ठेवलं, आणि मला वाटतं भूमितीच्या पुस्तकातही हे असायला हवं. चौरसाच्या स्वतःच्या गोष्टी, म्हणजे बाजू, कोन, कर्ण, परिमिती, क्षेत्रफळ आणि समोरासमोरच्या बाजूंचं समांतर असणं, फिरवल्यानं तसूभरही बदलत नाहीत. पण उतार, रस्ता, सूर्य, वारा यांच्याशी त्याचं जे नातं असतं ते फिरवलं की बदलतं. दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा चढ काढायला शिकवतात. आकृती फिरवली की तिच्या प्रत्येक बाजूचा चढ बदलतो, दोन बाजूंमधला कोन मात्र बदलत नाही. एकाच आकृतीत या दोन प्रकारच्या गोष्टी एकत्र राहतात. कुठली गोष्ट तिची स्वतःची आणि कुठली तिच्या जागेची, हे वेगळं काढता येणं ही भूमितीनं दिलेली मोठी देणगी आहे. माणसांच्या बाबतीतही ती कामी येते. भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, त्याच्या दाराची दिशा बदलली, तर त्याच्या अडचणी बदलतात. तो बदलला असं धरून चालणं बरं नव्हे.

धुरा दोघांनी मिळून बांधला. खालच्या कोपऱ्यात नाल्यातले दगड आणून सांडवा केला, म्हणजे जास्तीचं पाणी माती न नेता जाईल. वाफसा आला तेव्हा पेरणीचा प्रश्न निघाला. उताराला आडवी पेरणी करायची हे सगळ्यांना माहीत असतं. ओळी आडव्या पडल्या की प्रत्येक ओळ पाणी अडवते. थोरल्याच्या वावरात आडवं म्हणजे धुऱ्याला धरून, त्यात अडचण नाही. धाकटा इतकी वर्षं आपल्या वावरात धुऱ्याला धरून पेरत आला होता, आणि त्याच्या वावरात धुऱ्याला धरून म्हणजे उताराला तिरपं. पाण्याला ओळींमधून खालच्या कोपऱ्याकडे जायला आयती वाट मिळत होती. आता त्याला उत्तर-दक्षिण, या टोकापासून त्या टोकाकडच्या रेषेला धरून पेरायचं होतं. पांदणीकडच्या कोपऱ्यात ओळ दोन-चार पावलांची, मग वाढत वाढत मधोमध 280 फुटांची, आणि पुन्हा कमी होत जाणारी.

लेकीनं आदल्या रात्री हिशोब मांडला. तिफणीला तीन दाते, दोन दात्यांत दीड फूट, म्हणजे एका फेऱ्यात साडेचार फूट जमीन पेरून होते. बाबांच्या वावरात 198 फुटांचे 44 फेरे. काकांच्या वावरात 62. पण सगळ्या फेऱ्यांची लांबी एकत्र धरली तर दोन्हीकडे जवळजवळ तेवढीच, 8,700 फुटांच्या आसपास.

"चाल तेवढीच," ती म्हणाली, "पन वळणं अठरा जास्त."

वळण म्हणजे काय हे तिफणीमागे चाललेल्या माणसालाच कळतं. तिफण उचलायची, बैल फिरवायचे, सरत्यातलं बी थांबवायचं, ओळ पुन्हा धरायची. आखूड ओळींत बैलांना चाल धरायला वेळच मिळत नाही. धाकट्याची जोडी म्हातारी होती. थोरला म्हणाला, "मधल्या लांब ओळी तुह्या जोडीनं काढ. दोन्ही कोपरे मी माह्या जोडीनं काढतो." दोन दिवसांत दोन्ही वावरं पेरून झाली. लेक दोन्ही दिवस धुऱ्यावर बसून फेरे मोजत होती. एका वेळी काकांनी तिला हाक मारून विचारलं, तेव्हा बासष्टांपैकी सत्तेचाळीस झाले होते.

पेरणी संपल्यावर दोन्ही बॅगांतलं उरलेलं बियाणं घरच्या तराजूत टाकलं. तीस किलोची बॅग एकराची, आणि वावरं छत्तीस गुंठ्यांची. म्हणजे सत्तावीस किलो लागून तीन किलो उरायला हवं होतं. थोरल्याच्या बॅगेत तीन किलोला थोडं कमी निघालं. धाकट्याच्या बॅगेतही तीनच्या आसपासच. आजीनं दोन्ही एका पिशवीत ओतलं आणि खुंटीला लावलं.

"आठ दिवसांनी उगवण पाहू," थोरला म्हणाला. "जिथं नांगे पडतील तिथं टोबू."

"नाल्याकडच्या कोपऱ्यात पडतीलच," धाकटा म्हणाला. "तिथली माती गेली ना."

"मंग आधी तिथं."